सीलिंगच्या आतली वायर

मी इलेक्ट्रिशियन आहे. फॉल्स सीलिंगच्या आत गेलेली वायर पुन्हा कोणी उघडून बघत नाही. घाईत जॉइंट नीट न करता नुसती टेप गुंडाळून मी जुम्म्याला पळालो आहे. नमाज वेळेवर झाली. काम? ‘चलता है.’

शेकर्सबद्दल वाचलं तेव्हा हे आठवून लाज वाटली.

शेकर्स हा ख्रिस्ती पंथ. त्याची नेता ॲन ली ही मँचेस्टरच्या लोहाराची मुलगी. तिची चारही मुलं लहानपणीच दगावली. १७७४ मध्ये मोजक्या साथीदारांसह ती अमेरिकेला गेली. प्रार्थनेत हे लोक थरथरत, नाचत. म्हणून लोकांनी चिडवून ‘शेकर्स’ म्हटलं. त्यांनी मारही खाल्ला, पण स्वतः हत्यार उचललं नाही. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या हजारोंवर गेली. मालमत्ता सगळ्यांची मिळून. कारभारात पुरुषांबरोबर स्त्रियाही. लूसी राइट हिने तर १७९६ ते १८२१ अशी २५ वर्षं पंथाचं नेतृत्व केलं. आपल्या किती कमिट्यांवर एक तरी बाई आहे?

पण मला धरून ठेवलं ते त्यांच्या कामाने. खुर्च्या, लाकडी डबे, झाडू, बियाण्यांची पाकिटं असा माल ते बनवून विकत. नक्षीकाम नाही, पण सांधा पक्का. भिंतीवर खुंट्यांची रांग असे; झाडू मारताना खुर्च्या त्यावर टांगायच्या, म्हणजे कोपऱ्यातही केर राहू नये. काम हीच त्यांची प्रार्थना होती. त्यामुळे न दिसणारी बाजूही नीटच करायची.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. ते लग्न करत नसत. आपल्याकडे निकाह सुन्नत आहे. पोरकी मुलं सांभाळून आणि बाहेरून येणाऱ्यांवर पंथ चालला. पुढे येणारे घटले. आज मेन राज्यातल्या सॅबथडे लेक इथे बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. त्यांच्या खुर्च्या मात्र म्युझियममध्ये आहेत.

कोणी म्हणेल, दुसऱ्यांच्या धर्माकडून आपण काय शिकायचं? नवीन काहीच नाही. अल्लाह बघतोय हे जाणून इबादत करणं म्हणजे इहसान, हे आपण मदरशात पाठ केलंय. मी ते मुसल्ल्यावरच ठेवून आलो, शिडीवर चढताना सोबत नेलं नाही. गिऱ्हाईकाने विश्वासाने घर सोपवलं, ती अमानत होती. त्या जॉइंटमधून उद्या ठिणगी उडाली, तर माझ्या पहिल्या सफेचा त्या घरातल्या लेकरांना काय उपयोग?

गॅरेजमध्ये, शिलाई मशीनवर, लॅपटॉपवर काम करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, तुमच्याही कामात अशी एखादी झाकलेली जागा असेलच. मी उद्या त्या घरी जाणार आहे. सीलिंग उघडून जॉइंट नव्याने करणार, पैसे न घेता. तुम्ही कुठून सुरुवात कराल?