घराणं कुणाचं विचारता?

गायकाच्या आयुष्यावरचा चित्रपट म्हटलं की एक ठरलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. गरिबी, गुरूच्या घरी खाल्लेल्या खस्ता, मग एके दिवशी मैफल गाजते आणि टाळ्यांचा कडकडाट! त्यातली आई बहुधा देवघरात, नाहीतर चुलीपाशी. मुलगा निघाला की डोळ्याला पदर लावते आणि शेवटी पहिल्या रांगेत बसून पुन्हा डोळ्याला पदर लावते. संपलं तिचं काम!

१ एप्रिल २०२२ ला प्रदर्शित झालेला ‘मी वसंतराव’ मला आवडला तो याचसाठी, की त्यातली आई अशी कोपऱ्यात बसलेली नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांची ही जीवनकथा. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी आणि वसंतरावांच्या भूमिकेत त्यांचा सख्खा नातू राहुल देशपांडे. आजोबा १९८३ मध्ये गेले तेव्हा राहुल चार वर्षांचाही नव्हता. पण आजोबांचं गाणं त्याने असं काही आपलंसं केलंय, की या चित्रपटातल्या गायनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आईचं काम केलंय अनिता दातेने. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका! तिथेही ती स्वतःच्या पायावर उभी राहिली होती, पण ती मालिका होती. इथली बाई खरीखुरी होऊन गेली. वसंतरावांचा जन्म १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने सासर सोडलं आणि मुलाला एकटीने नागपुरात वाढवलं. शंभर वर्षांपूर्वीचा विदर्भ डोळ्यांपुढे आणा, मैत्रिणींनो. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला हळदीकुंकवाला तरी कुणी मनापासून बोलावत असेल का? अशा परिस्थितीत पोराच्या गळ्यात सूर आहे हे तिने ओळखलं आणि त्याला शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकायला धाडलं. दोन वेळच्या जेवणाची काळजी असताना गाण्याची शिकवणी! आजही आपल्याकडे लोक म्हणतील, ‘हिला काय सुचतंय?’

पुढे वसंतराव खूप जणांकडून शिकले. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकले, भेंडीबाजार आणि किराणा घराण्यांच्या गवयांकडून शिकले, मास्टर दीनानाथांचं गाणं तर मनातच भरलेलं. पण झालं काय, की जाणकार मंडळी विचारायला लागली, ‘तुमचं घराणं कोणतं?’ एका घराण्याचा शिक्का नाही, म्हणून मान द्यायला हात आखडता.

चित्रपट बघताना मी इथेच थबकले. कारण हाच प्रश्न त्या माउलीनेही आयुष्यभर ऐकला असणार. ‘कुणाकडची तुम्ही? मुलाचे वडील काय करतात?’ आईला सासरच्या घरावरून तोललं आणि मुलाला गाण्यातल्या घराण्यावरून. शिक्का बघायचा, माणूस बघायचा नाही, ही खोड आपली फार जुनी.

आणखी एक गोष्ट या चित्रपटाने लपवली नाही, ती म्हणजे पोटाची. हा एवढा मोठा गवई वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होता. मध्येच ईशान्येच्या सीमेकडे बदली झाली, तिथेही जावं लागलं. नोकरी सोड आणि गा, म्हणून मित्र पु. ल. देशपांडे मागे लागलेले, पण घर चालवायचं म्हणजे पहिल्या तारखेला पगार लागतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटी नोकरी सुटली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतराव महाराष्ट्रभर झाले. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस! चाळिशी ओलांडली की ‘आता काय राहिलंय आपलं’ म्हणणाऱ्या आपण सगळ्याजणींनी हा आकडा पदराच्या गाठीला बांधून ठेवावा. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात सासरी निघालेल्या लेकीसाठी ते गायले, ते गाणं लग्नाच्या मांडवात लागलं की आजही बाया हुंदके देतात.

आमच्या बचत गटात चारपाच जणी अशा आहेत, की नवऱ्याने टाकलेल्या किंवा छळाला कंटाळून स्वतःच निघालेल्या. त्यातल्या एकीची मुलगी फार गोड गाते. शाळेच्या कार्यक्रमात दरवर्षी पुढे असते. पण आठवीनंतर शिकवणी बंद. आई म्हणते, ‘ताई, फी भरू का दूध आणू?’ तिचं काही चूक नाही. पण जवळचे नातेवाईक काय म्हणाले ठाऊक आहे? ‘बापाविना पोर, त्यात गाणंबजावणं, उद्या लग्न कोण करेल?’ दुधाचा प्रश्न पैशाने सुटेल हो, या प्रश्नाचं काय करायचं?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचं, असा नियम महाराष्ट्रात झाला. चांगलंच झालं. पण कागदावर नाव आलं म्हणून शेजारपाजारच्या तोंडचा ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न थोडाच थांबतो? तो आपल्यालाच थांबवावा लागेल. आणि खरं सांगायचं, तर तो विचारणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो.

म्हणून दोन साध्या गोष्टी करूया. एकट्या बाईच्या घरी गेलं की तिच्या नवऱ्याची चौकशी करण्याऐवजी मुलं काय शिकतात ते विचारूया. आणि गटात दरमहा जे पैसे जमतात, त्यातून एखाद्या मुलीची गाण्याची, नाचाची, चित्रकलेची फी उचलूया. आमच्या गटात आम्ही या महिन्यापासून सुरुवात केली आहे. वीस जणींनी वीस-वीस रुपये काढले, तर चारशे होतात. आमच्याकडे महिन्याची शिकवणी तेवढ्यात होते. एवढ्यात उद्याचा वसंतराव घडेलच असं कोण सांगणार? पण एखाद्या मुलीचा गळा पैशापायी आणि लोकांच्या बोलण्यापायी बंद पडणार नाही, एवढं तर नक्की.

‘मी वसंतराव’ जवळजवळ तीन तासांचा आहे. सवड काढून बघा, आणि मुलांना, विशेषतः मुलग्यांना, शेजारी बसवून बघा. मोठ्या माणसाचं नाव घेताना त्याला वाढवणारीचंही नाव घ्यायचं असतं, हे त्यांना कळू दे. वसंतरावांच्या आईचं नाव होतं राधाबाई. घराणं विचारणाऱ्यांना हे नाव सांगायला काय हरकत आहे?