हिरवा पैसा बांधावर कधी येणार?

शेतकरी बंधूंनो, सोसायटीच्या वार्षिक सभेत 'हरित ठेव' हा शब्द कधी कानावर आला का? नसेल, तर त्याला कारण आहे.

मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे मुख्य कार्यालय आहे. तिथून १ जून २०२३ पासून हरित ठेवींचे नियम लागू झाले. या नावाने घेतलेली ठेव बँकेने पर्यावरण राखणाऱ्या कामालाच लावायची. त्या कामांत सौरऊर्जा आहे, पाण्याचे नियोजन आहे आणि प्रमाणित सेंद्रिय शेतीही आहे. ऐकायला झकास! पण हे नियम केले ते व्यापारी बँका, लघु वित्त बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी. ग्रामीण बँका त्यातून वगळल्या, सहकारी बँका त्यात घेतल्याच नाहीत. म्हणजे ज्या जिल्हा बँकेकडे तुम्ही पीककर्जासाठी जाता, तीच बाहेर राहिली.

यावर अभ्यास करून बोलणार कोण? शेतीच्या भांडवलाचा असाच प्रश्न १९१८ साली एका तरुण प्राध्यापकाने हाती घेतला होता. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे आणि सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे ते प्राध्यापक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तुकड्यांच्या शेतीवरील निबंधात त्यांनी सांगितले, की नुसते क्षेत्र वाढवून शेती परवडत नाही. बैल, अवजारे आणि भांडवल यांचा जमिनीशी मेळ बसावा लागतो.

त्यांचे स्वतःचे शिक्षणही पैशापायी अडले होते. लंडनला १९१६ मध्ये प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अर्ध्यावर परतावे लागले. मग पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी हात दिला, मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डीएस्सी मिळवली.

आज पदवी झालेली पोर घरात असेल आणि तिला पुढे अर्थशास्त्र शिकायचे असेल, तर 'त्यात काय मिळणार?' म्हणून गप्प बसवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत ठेवली आहे. प्रवेश मात्र गुणवत्तेवर हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. संस्था यादीत आहे का, ते अर्जाआधी बघा.

ग्रामसेवक आणि गटसचिवांनी ही माहिती फळ्यावर लावावी. आणि सभासदांनो, येत्या सभेत उठून एवढे विचारा: हिरवा पैसा आपल्या बँकेत यावा, म्हणून संचालकांनी काय केले? विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.