कुलगुरूंचा निरोप टेलपर्यंत पोचू द्या

जून-जुलै आला की घराघरात दोनच विषय असतात. पाऊस कधी पडणार आणि पोरांच्या ॲडमिशनचं काय झालं? एकदा फीची पावती हातात पडली की आपण हुश्श करतो. आपलं काम संपलं असं वाटतं. त्याच दिवसांत विद्यापीठात मात्र दुसरंच काम सुरू असतं. नवं सत्र सुरू होताना कुलगुरू प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना यंदाच्या गोष्टी सांगतात. सत्र कधी सुरू होणार, परीक्षा केव्हा, अभ्यासक्रमात काय बदललं, कोणते नियम नवे आले. कधी त्यासाठी बैठक होते, कधी परिपत्रक निघतं. आपल्याला वाटतं, ही साहेब लोकांची आपापसातली बाब. आपला काय संबंध?

मैत्रिणींनो, संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या मुलीचं शिक्षण मधेच तुटणार की पदवीपर्यंत जाणार, हे बऱ्याचदा त्या निरोपातल्या चार ओळींवर ठरतं.

आपल्या हिंगोली, परभणी, नांदेड आणि लातूर या चार जिल्ह्यांसाठी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी ते सुरू झालं. त्याआधी आपल्या मुलांना प्रत्येक कागदासाठी औरंगाबाद गाठावं लागायचं. डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू झाले. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं ते स्वामीजीही मूळचे शिक्षकच, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले. विद्यापीठ लोकांच्या जवळ यावं म्हणून एवढा खटाटोप झाला. ते नकाशावर जवळ आलं, पण आपल्या चुलीपर्यंत आलं का, हा खरा प्रश्न आहे.

सिद्धेश्वरच्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. धरण भरलं म्हणजे सगळ्यांचं शेत भिजलं असं होत नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याचं भागतं आणि टेलचा शेतकरी पाळीची वाट बघत बसतो. विद्यापीठाच्या निरोपाचं अगदी तसंच होतं. कुलगुरूंकडून तो प्राचार्यांकडे येतो, तिथून विभागप्रमुखांकडे, आणि शेवटी नोटीस बोर्डावर टाचणीला लटकतो. पुढे आईबापापर्यंत जायला त्याला चारीच नाही.

एरवी हे चाललं असतं, पण आताचे बदल साधे नाहीत. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणलं. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून त्याप्रमाणे पदवीचं पहिलं वर्ष सुरू झालं. आता नुसते पास-नापास नाही, क्रेडिट मोजतात. ती जमा करायला प्रत्येक विद्यार्थ्याचं ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खातं असतं. बचत गटाच्या पासबुकासारखंच समजा. जेवढं शिकलं तेवढं जमा.

हे खातं आधार आणि मोबाईलशी जोडलेलं असतं. आता सांगा, आपल्याकडे किती मुलींच्या नावावर स्वतःचा नंबर असतो? नंबर भावाचा नाहीतर वडिलांचा. तो बंद पडला की ओटीपी कुणाकडे येणार? त्यातून लग्न झालं की आधारवर नाव बदलतं, मार्कमेमोवर जुनंच राहतं, आणि मग नाव जुळवण्यासाठी खेटे सुरू होतात. प्राध्यापकांना खात्याची सूचना मिळते, पण ही अडचण घरातच सोडवावी लागते. ती सोडवणारी बाई त्या निरोपात कुठेच नसते.

सगळ्यात नाजूक गोष्ट पुढे आहे. नव्या पद्धतीत एक वर्ष झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. कुणाला मधेच नोकरी धरावी लागली, आजारपण आलं, तर केलेलं वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण आपल्या गावात या सोयीचा अर्थ काय लावतील? "एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता उरका लग्न." कॉलेज सोडायला आतापर्यंत निमित्त शोधावं लागायचं, आता नियमच हाताशी आला.

ही भीती उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जुन्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हेच प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास होतं. जिथे मुलगी कॉलेजपर्यंत पोचणं हीच लढाई, तिथे बाहेर पडायचं दार आधी दिसतं आणि परत यायचं दिसत नाही.

आणि परत यायचं दार आहे, बरं का! बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी पूर्ण करायला एकूण सात वर्षांची मुदत असते. शिवाय मधे बाहेर पडताना प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी चार क्रेडिटचा कौशल्याचा जादा भाग पूर्ण करावा लागतो. या तिन्ही गोष्टी सासरी जाणाऱ्या मुलीला, तिच्या आईला आणि होणाऱ्या सासूलाही माहीत पाहिजेत. लग्नाच्या बोलणीत मानपान ठरतो, देणंघेणं ठरतं. मग "पोरगी तीन वर्षांत परत कॉलेजात जाईल" हेही का ठरू नये?

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष कामाचा. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. चार क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे साधारण १२० तास कुठेतरी जाऊन काम शिकायचं. औंढ्याच्या किंवा वसमतच्या पोरीला घरचे म्हणणार, परक्या ठिकाणी कुठं पाठवायचं? पण ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, बँक, हळदीचा प्रक्रिया उद्योग हे सगळं आपल्याच भागात आहे. कॉलेजने सत्राच्या सुरुवातीलाच अशा ठिकाणांची यादी पालकांपुढे ठेवली तर निम्मा विरोध तिथेच मावळेल. शेवटच्या महिन्यात सांगितलं तर पोरगी कुठूनतरी सहीशिक्क्याचा कागद आणणार, आणि शिकणं राहून जाणार.

वेळापत्रकाचंही तसंच. पहिल्या सत्राची परीक्षा कापूस वेचणीत येते, दुसऱ्या सत्राचे तास हळद काढणी-शिजवणीत. तारखा जूनमध्येच घरी कळल्या तर मजुरीचं नियोजन करता येतं. ऐनवेळी कळल्या तर कुणाचा दिवस बुडतो? पोराचा नाही, पोरीचाच.

दोष एकट्या कुलगुरूंचा नाही. खालची साखळीच कच्ची आहे. राज्यभर कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालतो. त्यांच्या नेमणुका बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर होतात. जूनच्या बैठकीत जो नव्हताच, तो वर्गात काय सांगणार? ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याच्याकडून मुलींना सात वर्षांचा नियम समजावून सांगण्याची अपेक्षा आपण करतो.

निरोप नीट पोचला नाही की काय होतं, हे आपण २०२० मध्ये पाहिलंय. करोनात शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही, यावर राज्य सरकार एक म्हणत होतं, विद्यापीठ अनुदान आयोग दुसरं. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं, तोवर मुलांचा जीव टांगणीला. घरात एकच मोबाईल, त्यावर दहा अफवा. खरी बातमी कोणती हे आईला कोण सांगणार?

म्हणून विद्यापीठाला आपलं मागणं साधं आहे. कर्मचाऱ्यांना जे सांगता, त्यातला मुलांशी संबंधित भाग एका पानावर, सोप्या मराठीत, पालकांसाठीही काढा. ग्रामपंचायतीत लावा, बचत गटांना द्या. कॉलेजांनी पालकसभा बाजाराच्या दिवशी घ्यावी, म्हणजे आयांनाही येता येईल.

आणि आपणही हातावर हात ठेवून बसायला नको. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. एकदा चार-पाच जणी मिळून कॉलेजात जा. प्राचार्यांना तीनच प्रश्न विचारा. यंदाच्या परीक्षा कधी? ट्रेनिंग कुठे आणि कधी? पोरीला मधेच थांबावं लागलं तर परत कधीपर्यंत येता येईल? उत्तरं मिळाली की घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. लाजू नका. टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी घरबसल्या मिळत नाही, कालव्यावर जाऊन उभं राहावंच लागतं.