एका डॉलरची पेटी आणि पाठकोरी छायाचित्रे

पुठ्ठ्याची एक काळी पेटी, तिच्या तोंडाशी लहानसे भिंग, एक खटका आणि रीळ पुढे सरकवण्यासाठी एक चावी. बॉक्स कॅमेरा या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या यंत्राचे वर्णन एवढ्यात संपते. त्यात अंतर जुळवण्याची सोय नव्हती, प्रकाश मोजण्याचे साधन नव्हते. परंतु पितळी साजाच्या महागड्या लाकडी कॅमेऱ्यांना जे साधले नव्हते, ते या पेटीने साधले. आपल्या घरातील माणसांची आठवण आपल्याच हाताने टिपून ठेवणे तिच्यामुळे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

त्यापूर्वी छायाचित्रण हा धनिकांचा छंद किंवा कसबी लोकांचा धंदा होता. १८५१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यावा लागे आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन काच धुवावी लागे. प्रवासात कॅमेऱ्याबरोबर तिवई, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखा तंबू यांचे ओझे वाहावे लागे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या विद्वानांनी ही कला आत्मसात केली. सामान्य कुटुंब मात्र आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच स्टुडिओची पायरी चढे. तेथे रंगवलेल्या पडद्यापुढे माणसे ताठ बसत. दुकानाची फळी, घराचा ओटा, अंगणात खेळणारे मूल यांना त्या चित्रांत जागा नव्हती.

हे ओझे हलके करण्याचा ध्यास घेतला तो बँकेतील एका हिशेबनिसाने. जॉर्ज ईस्टमन याचा जन्म १८५४ चा. वडील लवकर वारले आणि घराला हातभार लावण्यासाठी त्याला चौदाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. पुढे अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या बचत बँकेत तो खाती लिहू लागला. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनांचे प्रयोग, असा त्याचा क्रम होता. जिलेटिनचा थर दिलेली कोरडी काच आगाऊ तयार करून ठेवता येते, ही इंग्लंडमधील नवी युक्ती त्याने उचलली. १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग या भागीदारासह त्याने अशा काचा विकणारी पेढी काढली.

पुढच्याच वर्षी ती पेढी बुडण्याची वेळ आली. विक्रेत्यांकडे गेलेल्या काचांची प्रकाश टिपण्याची शक्ती मंद पडू लागली आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या. ईस्टमनने सबबी सांगितल्या नाहीत. त्याने सदोष माल परत घेतला, उत्पादन थांबवले आणि कारण शोधण्यासाठी इंग्लंड गाठले. दोष जिलेटिनच्या पुरवठ्यात होता. नवा माल तयार झाल्यावर खराब काचा बदलून दिल्या गेल्या. या व्यवहारात पेढीची पुंजी जवळजवळ संपली, पण पत राहिली. पुढचा सारा विस्तार त्या पतीवर उभा राहिला, हे व्यापारी घरातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

याच जिलेटिनविषयी आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. हा पदार्थ जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढला जातो. चांदीच्या क्षारांचे बारीक कण फिल्मवर धरून ठेवण्याचे काम तो करतो. १९२० च्या दशकात ईस्टमनच्या कंपनीतील सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की जिलेटिनमधील गंधकयुक्त द्रव्याच्या अल्प अंशामुळे फिल्मची शक्ती वाढते. हा अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून येतो. अहिंसेला जपणाऱ्या घरांच्या अल्बममधील चित्रेही या द्रव्यावाचून उमटलेली नाहीत. प्रत्येक जुन्या चित्रामागे मुक्या जिवांचेही देणे आहे, ही जाणीव मनाला टोचणारी असली तरी खरी आहे.

काचेची जागा गुंडाळता येणाऱ्या रिळाने घेतली आणि १८८८ मध्ये ईस्टमनचा पहिला पेटीवजा कॅमेरा बाजारात आला. ‘कोडॅक’ हे त्याचे नाव ईस्टमनने स्वतः घडवले होते आणि त्याला कोणत्याही भाषेत अर्थ नव्हता. किंमत २५ डॉलर. आत १०० चित्रांचे रीळ आधीच भरलेले असे. रीळ संपले की गिऱ्हाईक कॅमेराच रॉचेस्टरला पाठवी आणि १० डॉलर भरले की छापलेली चित्रे व नव्या रिळासह कॅमेरा परत येई. खटका गिऱ्हाइकाने दाबावा आणि उरलेले सारे कंपनीवर सोपवावे, असे जाहिरातीतील वचन होते. काम सोपे झाले होते, पण २५ डॉलर ही रक्कम कष्टकरी घराला परवडणारी नव्हती.

ती अडचण फेब्रुवारी १९०० मध्ये दूर झाली. फ्रँक ब्राउनेल याने ईस्टमनसाठी पुठ्ठ्याची एक पेटी तयार केली. पामर कॉक्स या चित्रकाराच्या बालपुस्तकांतील खोडकर बुटक्यांवरून तिला ‘ब्राउनी’ हे नाव मिळाले. किंमत एक डॉलर, आणि सहा चित्रांचे रीळ १५ सेंटला. पहिल्या काही पेट्यांचे मागचे झाकण बुटांच्या खोक्यासारखे निसटे, म्हणून ते लवकरच बदलण्यात आले. पहिल्याच वर्षी सुमारे दीड लाख ब्राउनी विकल्या गेल्या. १९०१ च्या पुढील नमुन्यासाठी आलेले ‘१२०’ क्रमांकाचे रीळ आजही तयार होते.

दिवसाउजेडी रीळ बदलता यावे यासाठी फिल्मच्या पाठीशी काळा कागद जोडलेला असे. त्यावर क्रमांक छापलेले असत आणि पेटीच्या पाठीवरील तांबड्या काचेच्या खिडकीतून ते दिसत. ही कल्पना बॉस्टनच्या सॅम्युअल टर्नर याची. १८९५ मध्ये ईस्टमनने त्याचा धंदाच विकत घेतला. चावी फिरवावी, खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबावे, एवढेच काम उरले. चावी फिरवायला विसरले तर एका चित्रावर दुसरे चित्र उमटे.

भिंग बहुधा एकाच वक्र काचेचे असे. त्याच्यापुढील छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेले असल्यामुळे सुमारे दहा फुटांपासून दूरच्या टेकडीपर्यंत सारे बऱ्यापैकी स्पष्ट दिसे. कडांकडे थोडी धूसरता राही. पण चित्र मोठे न करता निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकारात छापत असल्यामुळे ती डोळ्यांत भरत नसे. उणिवेवर महागडा उपाय करण्याऐवजी ती जाणवणार नाही अशी व्यवस्था करणे, ही या पेटीची खरी हुशारी होती.

मात्र पेटीने जे केले नाही ते माणसाला करावे लागे. सूर्य पाठीशी घ्यायचा, पेटी कमरेशी घट्ट धरायची, मान खाली घालून वरच्या चिमुकल्या काचेत पाहायचे आणि श्वास रोखून खटका दाबायचा. काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसे. या रीतीच्या खुणा जुन्या चित्रांत सर्वत्र सापडतात. उन्हाकडे तोंड करून उभी असलेली माणसे डोळे बारीक करतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्यामुळे मुले ठेंगणी दिसत नाहीत आणि मोठी माणसे किंचित उंच भासतात. पुष्कळदा चित्राच्या खालच्या कडेशी एक लांब सावली पडलेली असते. ती चित्र घेणाऱ्याची. कुटुंबातील ज्या माणसाने सर्वांना टिपले, त्याची त्या अल्बममधील उपस्थिती कधी कधी एवढीच असते.

व्यापाराच्या दृष्टीनेही ही पेटी अभ्यासण्याजोगी आहे. कॅमेरा स्वस्त ठेवायचा आणि कमाई रीळ, धुलाई व छपाई यांतून करायची, हे तिचे सूत्र. १९३० मध्ये कंपनीच्या पन्नाशीनिमित्त अमेरिका व कॅनडातील त्या वर्षी बारा वर्षांच्या होणाऱ्या मुलांना सुमारे पाच लाख पेटी-कॅमेरे मोफत वाटण्यात आले. मूल कॅमेऱ्यात रमले की घरात रिळे येत राहणार, हा हिशेब त्यात होता. १९३२ मध्ये जर्मनीच्या आग्फा कंपनीने आणखी गमतीची युक्ती काढली. तेथील नाण्यांवर टांकसाळीचे अक्षर असे. ए, जी, एफ आणि पुन्हा ए अशी अक्षरे असलेली चार एक-मार्क नाणी जो आणील, त्याला चार मार्कांत पेटी-कॅमेरा मिळे. लोक गल्ल्यातील नाणी निरखू लागले आणि कंपनीचे नाव घरोघर पोहोचले.

या पेटीचे मोल मात्र विक्रीच्या आकड्यांत मावत नाही. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्या प्रवाशांना कार्पेथिया या जहाजाने उचलून घेतले. त्या जहाजावर बर्नीस पामर ही सतरा वर्षांची कॅनडातील मुलगी प्रवास करीत होती आणि तिच्याजवळ भेट मिळालेला ब्राउनी होता. तिने डेकवर बसलेल्या, मागून घेतलेल्या कपड्यांत गुरफटलेल्या माणसांची आणि समुद्रातील हिमनगाची चित्रे घेतली. न्यूयॉर्कला उतरल्यावर एका वृत्तसंस्थेने तिच्याकडून त्यांचे हक्क १० डॉलरला घेतले. आपल्या हाती काय आहे याची तिला तेव्हा कल्पना नव्हती. आज तो कॅमेरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका मुलीच्या हातातील साध्या खेळण्यासारख्या पेटीने इतिहासाची साक्ष नोंदवून ठेवली.

भारतात या परंपरेचा शेवटचा लोकप्रिय वारस म्हणजे बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’. तो पुठ्ठ्याचा नव्हता आणि डोळ्याला लावून वापरावा लागे. परंतु रीळ तेच १२० क्रमांकाचे, चित्रे बारा, आणि यंत्र तितकेच साधे. महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील साखरपुडे, सहली, यात्रा आणि नव्या दुकानाचे मुहूर्त अशाच कॅमेऱ्यांनी टिपले. रिळाला पैसे पडत, धुलाईला वेगळे पडत. म्हणून प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेतले जाई. बारापैकी एक चित्र आजीसाठी, एक जावयासाठी, एक गावाहून आलेल्या पाहुण्यांसाठी, अशी वाटणी मनात आधीच झालेली असे. काटकसर हीच येथे निवड होती. त्यामुळे त्या बारा चित्रांत कोण आहे, यावरून घराला कोण महत्त्वाचे वाटत होते तेही कळते.

आणि येथेच व्यापारी कुटुंबांची एक उणीव लक्षात येते. रोजमेळात पैपैची नोंद, खतावणीत नाव, गाव आणि मिती. परंतु त्याच घरातील अल्बम उघडला तर छायाचित्रे पाठकोरी. आजोबांच्या शेजारी उभे असलेले गृहस्थ भागीदार की मेहुणे, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. ही गरज छायाचित्रणाच्या जगाने फार पूर्वी ओळखली होती. हेन्री गाइसमन याच्याकडून तीन लाख डॉलरला विकत घेतलेली एक युक्ती ईस्टमनने १९१४ पासून आपल्या घडीच्या कॅमेऱ्यांत बसवली. मागची छोटी झडप उघडून धातूच्या लेखणीने नाव किंवा तारीख लिहिली की ती निगेटिव्हच्या कडेवर उमटे. १९३० च्या दशकात ही सोय बंद झाली, पण तिच्यामागचा विचार आजही खरा आहे.

ईस्टमनने पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेला लक्षावधी डॉलर दिले, ते ‘मिस्टर स्मिथ’ या नावाने. दाता कोण हे कित्येक वर्षे गुप्त होते. दानावर नाव नसले म्हणून पुण्य उणे होत नाही. छायाचित्रावर नाव नसले तर मात्र माणूसच हरवतो.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण नावे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. कुटुंबातील तरुणांनी एका दुपारी अल्बम घेऊन आजीजवळ बसावे. सुट्या चित्रांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता, नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही चित्राला बाधतात. पानाला चिकटलेली चित्रे ओढून काढू नयेत. प्रत्येक पानाचे मोबाइलने चित्र घेऊन क्रमांकवार नावे वेगळ्या वहीत उतरवावीत. लॅमिनेशन आणि चिकट पानांचे अल्बम टाळावेत. निगेटिव्ह रद्दीत देऊ नयेत. ते कोरड्या कागदी पाकिटात, ओलीपासून दूर ठेवावेत. आजीला एखादे नाव आठवले नाही तर प्रश्नचिन्ह घालावे, पण जागा ठेवावी. पुढे एखादी आत्या किंवा मावशी ती भरून देईल. आणि खालच्या कडेशी सावली दिसली, तर ती कोणाची हेही विचारून लिहून ठेवावे.