उलटा 'टी' आणि साबणाचे बुडबुडे

मटेरियल सायन्सच्या पेपरला एक प्रश्न ठरलेला : 'एज डिसलोकेशन आकृतीसह स्पष्ट करा.' आपण काय करतो? गोळ्यांच्या रांगा काढतो, एक रांग मध्येच सोडतो, तिच्या टोकाशी उलटा 'टी' काढतो. झालं काम, मिळाले मार्क! पण मित्रांनो, हा उलटा 'टी' सरकताना आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

खरं तर हा विषय रट्टा मारण्याचा नाहीच. धातूतले सगळे अणू अगदी शिस्तीत रांगेत असते, तर तार वाकवायला हजारो पट जोर लागला असता. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे यामागचं कारण सांगितलं, ते म्हणजे रांगांमधला दोष. मोठी जड सतरंजी एकदम ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सरकते. धातूचंही तसंच. म्हणजे ज्याला आपण 'दोष' म्हणतो, त्याच्यामुळेच पत्रा वाकतो!

अणू दिसत नाहीत, मान्य. म्हणून १९४७ मध्ये लॉरेन्स ब्रॅग (हो, २५व्या वर्षी नोबेल मिळवणारे तेच!) आणि जॉन नाय यांनी साबणाच्या पाण्यावर एकसारखे बुडबुडे जमवून स्फटिक केला. त्यात डिसलोकेशन सरकताना चक्क डोळ्यांनी दिसलं.

२००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कोलॉइडल क्रिस्टल घेतला. द्रवात सिलिकाचे दीड मायक्रॉनचे गोळे हळूहळू तळाशी बसू दिले की ते अणूंसारख्याच रांगा धरतात. हा स्फटिक पोलादापेक्षा अब्जावधी पटींनी नरम, जरा जोरात हलवला की मोडलाच! तरीही त्यातली डिसलोकेशन्स धातूंसाठी मांडलेल्या इलॅस्टिसिटीच्या थिअरीप्रमाणेच वागली. आणि सगळं इतकं सावकाश, की मायक्रोस्कोपखाली आरामात बघावं.

हार्वर्डचा मायक्रोस्कोप कुणी मागत नाहीये. पण माशांच्या टाकीचा पंप, इंजेक्शनची सुई, साबणाचं पाणी आणि पसरट ट्रे एवढं कुठल्याही लॅबला परवडेल. जर्नलमध्ये तीच ती आकृती वर्षानुवर्षं उतरवण्यापेक्षा एक प्रॅक्टिकल याचं ठेवा ना! सर म्हणतील, सिलॅबसमध्ये नाही. नसू दे. तासाभराचं तर काम आहे. एकदा बुडबुड्यांची रांग सरकताना बघितली, की तो उलटा 'टी' पाठ करावा लागणार नाही.