‘नाही’च्या रकान्यातील खूण

2025च्या जानेवारीत माझ्या भाच्याने सिंगापूरहून मला एक विमा पॉलिसी ई-मेलने पाठविली. आपल्या आईला, म्हणजे माझ्या अक्काला, एकदा समुद्रपर्यटनास न्यावे असे त्याच्या मनात बरेच दिवस होते. सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून चार रात्रींनी परतणारी क्रूझ त्याने फेब्रुवारीसाठी ठरविली होती. अक्काने साताऱ्याहून चेन्नईला माझ्याकडे यायचे, तेथून आम्ही पती-पत्नी तिला घेऊन सिंगापूरला जायचे आणि पुढे सर्वांनी मिळून बोटीवर चढायचे, असा बेत. खासगी परदेशवारीसाठी आम्हा सरकारी नोकरांना कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, तीही हाती आली होती. राहिला होता विमा, आणि तोही भाच्याने इंटरनेटवर दहा मिनिटांत उरकला होता.

अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेली, वय वर्षे एकाहत्तर. मधुमेह वीस वर्षांचा. 2019 मध्ये अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसविलेले. आणि पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर ‘पूर्वीपासूनचा कोणताही आजार’ या शब्दांपुढे स्वच्छ अक्षरांत छापलेले होते : ‘नाही’.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, ‘हो’ लिहिलं की पुढचं पानच उघडत नाही. आमचा प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधेल, एवढंच येतं. मी तीनदा करून पाहिलं, कोणी संपर्क साधला नाही. आणि आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. सगळे असंच करतात.”

हा मुलगा खोटारडा नाही. सिग्नल पाळणारा, कर वेळेवर भरणारा, आईची औषधे दर महिन्याला आठवणीने मागविणारा आहे. त्याला खोटे बोलण्याचा मोह झाला असे म्हणण्यापेक्षा, खरे बोलणाऱ्याला पुढे जाण्यास दारच ठेवलेले नव्हते असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. प्रशासनात आपण असे अर्ज पुष्कळ तयार करतो. ज्या रकान्यात खरे लिहिले की अर्ज अडतो आणि खोटे लिहिले की पुढे सरकतो, तो रकाना माहिती गोळा करीत नाही. तो फक्त पुढे कधीतरी अर्जदारावर ठपका ठेवण्याची सोय करून ठेवतो.

पुण्यात अर्थशास्त्राचे एम.ए. करीत असताना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा 1970 सालचा प्रसिद्ध निबंध आम्हाला अभ्यासाला होता. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यामुळे चांगल्या मोटारी हळूहळू बाजारातूनच नाहीशा होतात, हा त्यातील युक्तिवाद. याच कामासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोटारींचे उदाहरण सर्वांच्या लक्षात राहते. त्याच निबंधात पासष्टीपुढील माणसांना आरोग्यविमा मिळणे इतके अवघड का होते, याचाही विचार आहे, हे सहसा विसरले जाते. विम्यात दोष ठाऊक असणारा पक्ष ग्राहक असतो. कंपनीला भीती अशी की जो आजारी तोच धावत येणार, म्हणून ती हप्ता वाढविते. हप्ता वाढला की निरोगी माणूस दूर राहतो, आणि उरलेला समूह आणखीच जोखमीचा होतो. याला अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय आहे. हे भय दोन्ही बाजूंना असते. कंपन्यांचे भय सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मुलाकडे परदेशी जाऊन रखडलेली शस्त्रक्रिया विम्याच्या पैशात उरकावी, असा हिशेब करणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत.

पण या भयावर कंपन्यांनी जो उपाय शोधला आहे तो विचित्र आहे. विक्रीच्या वेळी काहीही न विचारता, किंवा एकच मोघम प्रश्न विचारून, हप्ता घ्यायचा. आणि चौकशी राखून ठेवायची ती दाव्याच्या दिवसासाठी. म्हणजे विमा काढताना दहा मिनिटे, आणि दावा आला की वीस वर्षांची कागदपत्रे.

जमिनीवर निदान वेळ तरी हाताशी असतो. बोटीवर तोही नसतो. क्रूझवर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, तातडीचे उपचार होतात. परंतु ही सेवा तिकिटात धरलेली नसते, तिचा आकार आपल्या खोलीच्या खात्यावर डॉलरमध्ये चढतो. अँजिओप्लास्टीसारखी गोष्ट बोटीवर होत नाही. रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवून परक्या देशातील रुग्णालयात न्यावे लागते, आणि बोट ठरल्या वेळी निघून जाते. भारतातील बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी देशाच्या हद्दीपुरत्याच असतात. माझे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्डही त्या पाण्यावर माझ्या ओळखपत्राइतकेच उपयोगी. सबब तेथे आधार एकाच कागदाचा, आणि आमच्या त्या कागदाचा पायाच ‘नाही’ या शब्दावर उभा होता. युरोपला जाणाऱ्यांचे याहून वेगळे काय होते? शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आपली माणसे तो व्हिसाच्या फाईलमधील एक कागद म्हणून काढतात, आणि फाईल पुढे गेली की त्यातील अटी कोणी वाचत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. विमा करारात दोन्ही पक्षांनी परम सद्‌भावाने वागले पाहिजे, या तत्त्वासाठी आजही 1766 सालच्या एका इंग्रजी खटल्याचा आधार घेतला जातो. आमची बोट ज्या मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणार होती, तिच्या एका बाजूला सुमात्रा बेट आहे. त्या बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर बेंकुलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. किल्ला शत्रूने घेतल्यास भरपाई मिळावी असा विमा तेथील गव्हर्नराने काढला, आणि फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याचे म्हणणे पडले की किल्ल्याचा दुबळेपणा गव्हर्नराने लपविला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ग्राहकाने महत्त्वाची गोष्ट लपवू नये हे तत्त्व सांगितले खरे, पण निकाल लागला तो गव्हर्नराच्या बाजूने. चौकशी न करता हप्ता घ्यायचा आणि मागाहून अज्ञान पुढे करायचे, हे त्यांना मान्य झाले नाही. आपल्याकडे तत्त्वाचा पहिला भाग सर्वांना पाठ आहे, दुसरा भाग मात्र कोणी सांगत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही भाग सांगितले आहेत. दीर्घकालीन मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपविलेल्या विमाधारकाचा दावा नाकारणे योग्यच होते, असे न्यायालयाने 2009 मध्ये म्हटले. त्याच वर्षी आणखी एक गृहस्थ प्रवासविमा घेऊन लग्नासाठी अमेरिकेस निघाले. मधुमेह असल्याचे त्यांनी प्रस्तावपत्रात लिहिले होते, तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्यांना त्रास सुरू झाला आणि पुढे तीन स्टेंट बसवावे लागले. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा उल्लेख केला नाही, या कारणावरून कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगात ते हरले. 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला : सांगितलेला आजार विचारात घेऊन एकदा पॉलिसी दिली की त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येणार नाही. न्याय मिळाला, पण बारा वर्षांनी. इतके वकील आणि इतका धीर अक्काने कोठून आणावा?

नियामकाने 2024 मध्ये आरोग्यविम्यातील पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला. आणि 60 महिने सलग विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती लपविल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असेही ठरविले. स्वागतार्हच आहे. परंतु काळाने मिळणारे हे संरक्षण दहा दिवसांच्या पॉलिसीला कसे मिळणार?

मी भाच्याला पॉलिसी रद्द करावयास सांगितले. दुसरी कंपनी वय ऐकूनच थांबली. तिसऱ्या कंपनीच्या एजंटाने, बोलायला अत्यंत नम्र, मला सल्ला दिला, “साहेब, शुगर लिहा, हार्ट लिहू नका.” चौथ्या ठिकाणी चार पानांचे प्रश्नपत्रक आले, आणि ते भरण्यासाठी मी रात्री अक्काला साताऱ्याला फोन लावला. गोळ्यांची नावे झाली, साखरेचे आकडे झाले. मग मी वाचले : गेल्या सहा महिन्यांत छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर?

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दिवाळीत जिना चढताना एकदा झालं होतं. पित्त असेल म्हणून बोलले नाही. तू आता हे त्यांना लिहू नकोस, नाहीतर जाणंच रद्द कराल.”

पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासणी करून औषधे बदलली आणि दोन महिने प्रवास करू नये असे सांगितले. आरक्षण एप्रिलवर ढकलताना भाच्याला बरीच रक्कम सोडावी लागली, आणि ती कोणत्याही विम्यातून भरून आली नाही. त्याने ब्र काढला नाही. फेब्रुवारीतील त्या पहिल्या पॉलिसीसह आम्ही तिला बोटीवर चढविले असते, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

नवी पॉलिसी मिळाली. हप्ता पहिल्याच्या तिपटीहून अधिक, आणि हृदयाच्या जुन्या आजारापुरते संरक्षण फक्त जीव वाचविण्याच्या तातडीच्या उपचारांचे, तेही मर्यादित रकमेपर्यंत. अक्का ते ऐकून म्हणाली, “म्हणजे खरं सांगितलं म्हणून महाग पडले. मुलांना मी इतकी वर्षं उलटंच शिकवत होते की काय!” वास्तविक मला त्या वाढीव हप्त्याविषयी तक्रार नाही. जोखीम जास्त तर किंमत जास्त, हे मी वर्गात शिकलो आणि मला पटते. किंमत आधी कळली, तर ती द्यायची की घरी बसायचे हे माणूस ठरवू शकतो. आक्षेप आहे तो स्वस्त आणि पोकळ कागद विकण्याला.

येथे राज्यसंस्थेला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. ‘पूर्वीपासूनचा आजार’ हा शब्दप्रयोगच प्रस्तावपत्रातून काढून टाकावा. साखर ताब्यात आहे, म्हणजे आजार नाही, असे मानणारी लाखो माणसे या देशात प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात. त्याऐवजी कोणत्या गोळ्या चालू आहेत, रुग्णालयात शेवटचे कधी होता, असे साधे प्रश्न ग्राहकाच्या भाषेत विचारावेत. मराठी माणूस चेन्नईत असला म्हणून त्याने आपल्या हृदयाविषयी इंग्रजीतच का बोलावे? ब्रिटनने 2013 पासून ग्राहकाने आपणहून सारे सांगण्याची जबाबदारी काढून, विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक उत्तरे देण्यापुरती ती ठेवली. 2021 पासून तेथे गंभीर आजारामुळे प्रवासविमा नाकारणाऱ्या कंपनीला, असा विमा देणाऱ्यांच्या यादीकडे ग्राहकाला पाठवावे लागते. हे नियम आपल्याकडे आणण्यास कोणती अडचण आहे, हे मला समजलेले नाही. ‘होय’ लिहिणाऱ्याला निदान एक किंमत किंवा एक लेखी नकार मिळालाच पाहिजे. ‘प्रतिनिधी संपर्क साधेल’ हे उत्तर होऊ शकत नाही.

सर्व कंपन्यांनी मिळून ज्येष्ठांच्या जोखमीचा सामाईक निधी करावा, असेही सुचविले जाते. तेथे मी जरा सावध आहे. व्यापारी वाहनांच्या तृतीय पक्ष विम्यासाठी 2007 ते 2012 या काळात असा निधी आपण चालविला. तोटा सर्वांचा, म्हणून दावे नीट तपासण्याची निकड कोणालाच नव्हती, आणि शेवटी तो मोडावा लागला. सरकारी कार्यालयातील सामाईक पंख्यासारखी ती गत, बंद करणे कोणाचेच काम नसते.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. पहिल्या रात्री बोट किंचित हलली आणि अक्काला उलट्यांचा त्रास झाला. बोटीवरच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले आणि त्याचे बिल दिले. पुढचे तीन दिवस ती पहाटेपासून डेकवर खुर्ची टाकून बसत होती. परत आल्यावर भाचा म्हणाला की त्या इंजेक्शनचा दावा करून पाहू या. अक्काने पॉलिसी काढून सातवे पान उघडले आणि त्याच्यापुढे ठेवले. पहिले शंभर डॉलर आपणच सोसायचे असतात, हे तिने पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले होते.