आंबट नको, जखम चिघळेल!

शस्त्रक्रिया होऊन कोणी घरी आले, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला हुकूम सुटतो, "आंबट बंद! टाके चिघळतील." पानातली लिंबाची फोड निमूटपणे उचलली जाते. हुकमामागे मायाच असते. पण प्रत्यक्ष जखमेला काय हवे असते, ते एकदा पाहू या.

विळीवर बोट कापले, की रक्तवाहिन्या आकसतात, रक्त साकळते आणि गळती थांबते. मग पांढऱ्या पेशी जंतूंचा समाचार घेतात. जखमेभोवतीची लाली आणि ऊब ही त्याच धामधुमीची खूण. दोन-चार दिवसांत खरे बांधकाम सुरू होते. काही पेशी कोलॅजेन नावाचे चिवट धागे विणतात, आणि कडेची त्वचा सरकत सरकत वरून पांघरूण घालते. पुढे कित्येक महिने ही वीण घट्ट होत राहते. तरीही व्रणाला मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळकटी येत नाही.

हे धागे पक्के होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते, आणि माणसाचे शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. १९३९ साली अमेरिकेतील बोस्टनचे तरुण शस्त्रवैद्य जॉन क्रँडन यांनी फळे आणि भाज्या पूर्ण वर्ज्य केल्या व स्वतःच्या पाठीवर छेद घेववले. तीन महिन्यांनी घेतलेला छेद नीट भरला. सहा महिन्यांनी घेतलेला मात्र वरून मिटल्यासारखा दिसला, आत भरलाच नव्हता! 'क' जीवनसत्त्व टोचल्यावर मग जखमा भरू लागल्या.

याहून नवलाची हकीकत इंग्रज दर्यावर्दी अॅन्सन यांच्या १७४० साली निघालेल्या सफरीची. ताज्या फळांवाचून खलाशांना स्कर्व्ही जडला. त्यांत १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला एक म्हातारा होता. त्याच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या! म्हणजे भरलेली जखम हे संपलेले काम नव्हे. जुने धागे झिजतात, नवे विणले जातात. सामान संपले, की वीण उसवते.

म्हणून आंबटाने जखम चिघळते, हा समज सोडून द्यावा. जखम चिघळते ती जंतूंमुळे. मधुमेह असेल तर धोका अधिकच. बरी होत नसलेली पायाची जखम घरगुती लेपाखाली झाकू नये, डॉक्टरांना दाखवावी. लिंबू काही जादू करीत नाही. पोटभर अन्न, डाळी-दुधातली प्रथिने हीही हवीतच. डॉक्टरांनीच काही पथ्य सांगितले असेल, तर ते जरूर पाळावे.

पण केवळ धास्तीपोटी आजाऱ्याचे लिंबू, पेरू, आवळा बंद करू नका. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासते, तेव्हा लिंबू वाढल्यावरच पिळावे. आणि कार्तिकातल्या आवळीभोजनाला टाके घातलेल्या पाहुण्यालाही अवश्य बोलवा!